तीन परीक्षार्थी, बारा तास

केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने १९१३ साली एक नवी परीक्षा सुरू केली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, पण ज्यांना आपापल्या देशात जाऊन ती शाळांतून शिकवायची आहे, अशा परदेशी लोकांसाठी ती होती. नाव होते ‘सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशिअन्सी इन इंग्लिश’. फी तीन पौंड आणि पेपर एकूण बारा तासांचे. पहिल्या वर्षी या परीक्षेला तीन जण बसले आणि तिघेही नापास झाले.

त्या बारा तासांत काय काय होते ते पाहा. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतराला दोन तास. उलट दिशेने भाषांतर आणि व्याकरण मिळून अडीच तास. निबंधाला दोन, इंग्रजी साहित्याला तीन आणि ध्वनिशास्त्राला, म्हणजे उच्चारांच्या शास्त्राला, दीड तास. शिवाय अर्धा तास शुद्धलेखनाचा आणि अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवण्याचा व संभाषणाचा. साहित्याचा पेपर तर इंग्रज विद्यार्थ्यांसाठी जो काढलेला असे तोच यांनाही दिला जाई. निबंधाच्या विषयांत मॅथ्यू अर्नोल्ड होता, एलिझाबेथच्या काळातील सागरी सफरी होत्या, स्थानिक स्वराज्याची वाढ होती आणि आपल्याला दचकवणारा एक विषयही होता : ‘द इंडियन म्यूटिनी’, म्हणजे आपले १८५७ चे बंड.

विषय हिंदुस्थानचा असला तरी पुणे-मुंबईच्या माणसाला या परीक्षेला बसणे अवघडच होते. भाषांतर फ्रेंच नाहीतर जर्मन, या दोनच भाषांतून करायचे होते. परीक्षा काढणाऱ्यांच्या मनातला परदेशी माणूस युरोपातला होता. आपण त्यांच्या लेखी परदेशी नव्हतोच, साम्राज्याची प्रजा होतो. पुढे या परीक्षेत इतर भाषाही आल्या, पण सुरुवात अशी होती.

मी आयुष्यभर महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतर परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करून घेण्यात मदत करतो. आयईएलटीएस म्हणा, टोफेल म्हणा, नाहीतर परिचारिकांची आणि डॉक्टरांची वेगळी परीक्षा म्हणा. ही मुले मला नेहमी एकच प्रश्न विचारतात, ‘‘सर, ही परीक्षा अशी का?’’ या ‘का’चे उत्तर शोधताना मी इतिहासात शिरलो. तयारी करायची तर अभ्यासक्रमाइतकाच परीक्षेचा स्वभावही कळावा लागतो, आणि स्वभाव कळायला माणसाचे काय की परीक्षेचे काय, मागचे आयुष्य माहीत असावे लागते.

त्याच १९१३ सालच्या जुलैमध्ये भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती आणि मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी यांच्या बळावर ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आज तिथे जाणाऱ्या आपल्या मुलाला आधी टोफेलसारख्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. त्या वेळी अशी परीक्षाच अस्तित्वात नव्हती. मुंबईची पदवी हाच इंग्रजीचा पुरावा होता.

आणि तो पुरावा काही स्वस्त नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. सव्वाशेच्या वर मुले बसली आणि पास झाली ती विशीच्या आसपास. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तीन वर्षांनी, १८६२ मध्ये, विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले ते चार : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. इतिहास असो की गणित, सारे इंग्रजीतून शिकायचे, इंग्रजीतून लिहायचे. अशा माणसाची इंग्रजीची वेगळी परीक्षा घेण्याची गरज कुणाला वाटली नाही यात नवल नाही. पुढे मराठीला विद्यापीठात मानाचे स्थान मिळावे म्हणून खटपट करणाऱ्यांत हेच रानडे पुढे होते, हेही विसरू नये.

त्याही आधीचे उदाहरण आनंदीबाई जोशींचे. १८८३ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या तेव्हा वय होते अठरा. इंग्रजी नवऱ्याने घरी शिकवलेले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकू असे नाही, हे त्यात त्यांनी स्वतःच सांगितले आणि आपल्या देशातील स्त्रियांसाठी हे शिक्षण का हवे तेही सांगितले. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. ते पत्र हीच त्यांची इंग्रजीची परीक्षा म्हणायची. लिहिणारीला काहीतरी सांगायचे होते, वाचणाऱ्याला ते कळले. भाषेच्या परीक्षेत यापेक्षा जास्त काय पाहायचे असते?

पण पत्र वाचून निर्णय घेणारे मन प्रत्येक दारावर नसते. इंग्रजीच्या परीक्षांचा दुसरा एक प्रवाह आहे, तो विद्यापीठातून निघालेला नाही. तो बंदरावरून निघाला आहे, आणि त्याच्या उगमाशी आपलीच माणसे आहेत.

१८९६ च्या अखेरीस ‘कुरलँड’ आणि ‘नादरी’ अशा दोन आगबोटी मुंबईहून निघून दक्षिण आफ्रिकेत डर्बनला लागल्या. पहिलीवर गांधीजी होते. हिंदी लोकांना उतरू देऊ नका म्हणून गोऱ्यांनी गहजब केला, बोटी तीन आठवड्यांहून जास्त काळ अडकवून ठेवल्या आणि १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी उतरल्यावर त्यांना मारहाण झाली. त्याच वर्षी नाताळच्या सरकारने एक कायदा केला. त्यात हिंदी, आशियाई असा शब्द कुठेच नव्हता. येणाऱ्याने युरोपातील कोणत्यातरी भाषेत एक ठराविक अर्ज लिहून सही करावी, एवढेच होते. वरकरणी अट शिक्षणाची, काम मात्र वंशाचे. ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती पसंत पडली. कातडीचा रंग कायद्यात लिहिला की साम्राज्यातल्या प्रजेपुढे तोंड दाखवायला जागा राहत नाही, परीक्षा लिहिली की राहते. त्यांनी इतर वसाहतींनाही हाच मार्ग सुचवला.

ऑस्ट्रेलियाने तो १९०१ मध्ये उचलला. तिथल्या कायद्यानुसार अधिकारी आगंतुकाला पन्नास शब्दांचा उतारा सांगे आणि त्याने तो लिहून घ्यायचा. भाषा युरोपातील कोणतीही आणि ती निवडायची अधिकाऱ्याने! इंग्रजी येणारा आला तर जर्मन काढावी, जर्मन येत असेल तर आणखी एखादी. १९०९ नंतर ही परीक्षा कुणीही पास झाले नाही, कारण पास होण्यासाठी ती नव्हतीच. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचे प्राग शहरातले लेखक फॅसिझमविरोधी भाषणे द्यायला ऑस्ट्रेलियात आले. सरकारला ते नको होते. त्यांना युरोपातल्या बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून त्यांच्यासाठी स्कॉटलंडची गेलिक भाषा काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा नव्हे, असे ठरून किश सुटले. ही परीक्षा रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडले.

दक्षिण आफ्रिकेत तर परीक्षेपुरते इंग्रजी येऊनही दार बंदच राहिले. ट्रान्सवालच्या कायद्यात शिक्षणाची अट होती. ती पुरी करणाऱ्या हिंदी माणसाला तरी येऊ देणार का, हे तपासायचे सत्याग्रहींनी ठरवले. सोराबजी शापूरजी अडाजानिया हे इंग्रजी जाणणारे पारशी गृहस्थ १९०८ मध्ये सरकारला आगाऊ कळवून हद्दीत शिरले. त्यांना तुरुंगात पाठवले गेले.

बायबलच्या जुन्या करारात एक कथा आहे. नदीच्या उतारावर पहारेकरी येणाऱ्याला एक शब्द उच्चारायला सांगत. ‘श’च्या जागी ‘स’ आला की तो शत्रू, मग त्याची मान उडवत. बेचाळीस हजार माणसे अशी मारली गेली, असे ती कथा सांगते. आपणही ‘ळ’ म्हणता येतो की नाही यावरून माणूस कुठला ते ओळखतो, पण ते आपले चेष्टेवारी चालते. उच्चारावरून माणूस ओळखणे आणि उच्चारावरून माणूस अडवणे यांत फार थोडे अंतर आहे. इंग्रजीच्या परीक्षेविषयी बोलताना हे दोन्ही प्रवाह मी मुलांना आवर्जून सांगतो. एक परीक्षा मोजपट्टी असते, दुसरी कुंपण असते. दिसायला दोन्ही सारख्याच.

पुन्हा केंब्रिजकडे वळू. त्या पहिल्या परीक्षेत ध्वनिशास्त्राला दीड तास होता याचे आज नवल वाटते, पण तो काळच तसा होता. बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ रंगभूमीवर प्रथम आले तेही १९१३ मध्येच, व्हिएन्नाला, जर्मन भाषेत. फुले विकणाऱ्या मुलीचे उच्चार सुधारून तिला सरदारकन्या म्हणून खपवणारा प्राध्यापक त्यात आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ या रूपात तो आपल्याकडे आणला आणि भक्ती बर्वे यांनी ती फुलराणी अजरामर केली. उच्चारांच्या शास्त्राचे तेव्हा असे अप्रूप होते.

लोकांना मात्र ही परीक्षा पेलवेना. १९२९ च्या सुमाराला परीक्षार्थींची संख्या पंधराच्या आसपास होती आणि ती बंद करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. परीक्षा मंडळातील जॅक रोच नावाच्या अधिकाऱ्याने ती हाती घेऊन तगवली. १९३२ मध्ये ध्वनिशास्त्राचा पेपर गेला. ज्यांना शिक्षक व्हायचे नाही, पण इंग्रजी येते हे दाखवायचे आहे, अशा सामान्य लोकांसाठी ती मोकळी झाली. साहित्याऐवजी आर्थिक आणि व्यापारी विषयाचा पेपर घेण्याची सोय आली. १९३९ मध्ये हिच्याखालची एक सोपी परीक्षा निघाली. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही परीक्षा आजही घेतली जाते, फक्त भाषांतर आणि साहित्याचे ओझे उतरवून.

आता एक अवघड प्रश्न. निबंध तपासायचा कसा? शाळेत आपण सगळ्यांनीच हा अनुभव घेतलेला असतो, की एका गुरुजींकडे सहा मिळालेला निबंध दुसऱ्यांकडे आठ मिळवतो. ही गोष्ट आकड्यांनिशी मांडली ती सर फिलिप हार्टोग आणि ई. सी. ऱ्होड्स या दोघांनी, १९३५ मध्ये. हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करणारी १९२९ ची हार्टोग समिती यांचीच. त्यांनी इंग्लंडमधील शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका घेतल्या. मूळ तपासणीत या सगळ्यांना सारखेच गुण होते. त्या चौदा परीक्षकांकडे दिल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच परीक्षकांकडे पुन्हा दिल्या. एकूण २१० निकालांपैकी ९२ निकाल दुसऱ्या वेळी बदलले. म्हणजे तोच कागद, तोच परीक्षक, पण निकाल वेगळा.

यावर अमेरिकेने शोधलेला उपाय आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे : चार पर्याय द्या, एकावर खूण करायला सांगा. तपासणाऱ्याचा मूड, हस्ताक्षर, चहा थंड झाला की गरम होता, कशाचा संबंधच उरत नाही. रॉबर्ट लाडो यांचे भाषेच्या परीक्षांवरचे पुस्तक १९६१ मध्ये आले. भाषेचे लहान लहान तुकडे करावेत, एक उच्चार, एक शब्द, एक वाक्यरचना, आणि प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घ्यावी, असे त्यांचे सांगणे. त्याच वर्षी वॉशिंग्टनला तज्ज्ञांची परिषद भरली. तिथे जॉन कॅरल या मानसशास्त्रज्ञाने सावध केले, की नुसते तुकडे मोजून भागणार नाही, माणूस ही भाषा एकत्रितपणे वापरतो कशी तेही पाहा. परिषदेतून जी परीक्षा निघाली ती टोफेल. १९६४ मध्ये ती पहिल्यांदा घेतली गेली आणि तिच्यावर पगडा राहिला तो तुकड्यांचाच. तिच्यात ‘लेखनक्षमता’ नावाचा विभाग होता. त्यात एक ओळही लिहावी लागत नसे, फक्त पर्याय निवडायचा!

आपल्याकडच्या तयारीला ही परीक्षा अगदी मानवली. लगेच, १९६५ मध्ये, अमेरिकेने आपला प्रवेशाचा कायदा बदलला, देशवार कोट्यांची जुनी पद्धत मोडली आणि आपले अभियंते, डॉक्टर, संशोधक मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणातली वाक्ये कर्तरीची कर्मणी करून करून हात बसलेल्या पिढीला पर्यायांवर खूण करणे जड नव्हते. त्या रेनसाहेबांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केली होती, हे जाता जाता सांगतो. शब्दांच्या याद्या पाठ करायच्या, समानार्थी, विरुद्धार्थी. मुलांनी त्या भिंतीवर चिकटवलेल्या मी पाहिल्या आहेत. गुण उत्तम पडत. तिकडे गेल्यावर दुकानदाराने काय विचारले ते कळत नसे.

हे तिकडच्या लोकांच्याही ध्यानात आले. १९८६ पासून टोफेलला खराखुरा निबंध जोडला गेला. २००५ मध्ये इंटरनेटवरची नवी टोफेल आली आणि बोलणे हा तिचा सक्तीचा भाग झाला. म्हणजे १९१३ च्या त्या अर्ध्या तासाच्या संभाषणापाशी अमेरिका नव्वदेक वर्षांनी पोचली.

ब्रिटनची वाट थोडी वेगळी होती. तिथे बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ॲलन डेव्हिस यांनी तयार केलेली परीक्षा १९६५ पासून वापरात होती. १९७५ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने भारतीय वैद्यकीय पदव्यांची आपोआप होणारी मान्यता काढून घेतली आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना इंग्रजीसकट परीक्षा देणे भाग पडले. तोवर आपला एम. बी. बी. एस. झालेला डॉक्टर सरळ तिकडे जाऊन काम करू शकत असे. १९८० मध्ये एक नवी कल्पना आली : डॉक्टरला वैद्यकातले इंग्रजी विचारा, अभियंत्याला तंत्रज्ञानातले. सहा वेगवेगळे विभाग केले. कल्पना न्यायाची होती, पण कोणाला कोणत्या विभागात बसवायचे आणि सर्वांची काठिण्यपातळी सारखी कशी राखायची, याचा घोळ मिटेना. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला बरोबर घेऊन तिचेच रूप बदलले आणि आयईएलटीएस जन्मली. १९९५ मध्ये विषयवार विभाग गेले. डॉक्टर, परिचारिका अशांसाठी वेगळी परीक्षा मात्र ऑस्ट्रेलियात निघालीच होती आणि ती आता इतर देशांतही चालते.

हा सगळा इतिहास मुलांना सांगून त्यांचे गुण वाढतात का, असे कुणी विचारील. वाढतात, आणि ते कसे ते सांगतो.

आयईएलटीएसमध्ये वाचनाचा एक प्रश्न असतो. उतारा वाचा आणि दिलेले विधान खरे, खोटे की ‘माहिती दिलेली नाही’ ते सांगा. आमची हुशार मुले इथे हमखास अडखळतात. त्यांना विषयाची माहिती असते. उताऱ्यात नसलेली गोष्ट ती आपल्या डोक्यातून भरतात आणि ‘खरे’ म्हणून मोकळी होतात. शाळेत आपण त्यांना हेच शिकवलेले असते, की जे येते ते सगळे लिहा, कागद कोरा सोडू नका. इथे उलट हवे असते. समोरच्याने काय म्हटले आणि काय म्हटले नाही, एवढेच पाहायचे. यासाठी मी त्यांना मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख देतो आणि त्यावरच असे प्रश्न काढतो. चूक इंग्रजीची नाही, वाचनाची आहे, हे मराठीतूनच पटकन कळते.

ऐकण्याचा भाग एकदाच ऐकवतात. पुन्हा नाही. इथे व्याकरण फारसे कामाला येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजी बहुतेक डोळ्यांनी शिकलेले असते, कानांनी नाही. आमच्या आधीच्या काही पिढ्यांना तर इंग्रजी आठवीपासून होते. पुढे पाचवीपासून झाले, आणि २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून आले. पण पुस्तकातला शब्द आणि हवेतला शब्द यांची भेट शाळेत क्वचितच घडते. रोज अर्धा तास, तीन महिने, नुसते ऐका असे मी सांगतो. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

बोलण्याच्या भागात एक विषय देतात, विचार करायला एक मिनिट मिळते आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचे असते. एकदा लातूरकडची एक परिचारिका माझ्याकडे येत होती. क्लासमधून तिने चाळीस विषय पाठ करून आणले होते, सगळ्यांची सुरुवात एकाच वाक्याने. मी तिला म्हटले, ‘‘ताई, हे राहू द्या. रात्रपाळीला तुमच्या वॉर्डात काय घडले ते सांगा.’’ ती आधी मराठीत बोलली, मग इंग्रजीत. शब्द थोडे, पण एकेक नेमका. पेशंटची शुद्ध, नाडी, डॉक्टरांना केलेला फोन, नातेवाइकांची समजूत. आनंदीबाईंचे पत्र मला तेव्हा आठवले. सांगण्यासारखे काही असले की भाषा त्याच्या मागून येते. पाठ केलेले उत्तर परीक्षकाला दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येते, कारण तेच ऐकण्याचे त्याला प्रशिक्षण दिलेले असते. हार्टोगसाहेबांनी उभा केलेला प्रश्न सोडवण्यासाठी आजचा परीक्षक ठरवून दिलेल्या निकषांवर गुण देतो : बोलण्याचा ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. निबंधातही तसेच. हे चार निकष पाठ करा, चाळीस उत्तरे नकोत.

त्या ताईंना पहिल्या खेपेला लेखनात अर्धा गुण कमी पडला. अर्धा! या अर्ध्या गुणाची किंमत बाहेरच्या माणसाला कळत नाही. पुन्हा फी भरा, पुन्हा पुण्याला या, राहण्याची सोय पाहा, रजा काढा. निकालाचा कागद बहुतेक ठिकाणी दोनच वर्षे धरतात. त्यामुळे आधी दिलेल्या परीक्षेची मुदत संपते आणि माणूस पुन्हा आरंभाला येतो. दुसऱ्या खेपेला त्यांचे काम झाले. पण ज्यांना दुसरी खेप परवडत नाही अशी माणसेही मी पाहतो, आणि तेव्हा मोजपट्टी कुठे संपते आणि कुंपण कुठे सुरू होते, हा प्रश्न मला सतावतो.

याची आणखी मोठी किंमत ब्रिटनमध्ये मोजावी लागली. २०१४ मध्ये बीबीसीने तिथल्या काही केंद्रांवर उमेदवाराच्या जागी दुसराच बसवून इंग्रजीची परीक्षा दिली जाते, हे उघड केले. प्रकार खरा होता. पण मग परीक्षा घेणाऱ्या संस्थेने २०११ ते २०१४ या काळातील सुमारे ५८ हजार चाचण्यांची फेरतपासणी केली आणि त्यांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या. सरकारने हजारो विद्यार्थ्यांचे परवाने रद्द केले. त्यांत भारत, बांगलादेश, पाकिस्तानची मुले पुष्कळ होती. आम्ही प्रामाणिकपणे परीक्षा दिली, असे म्हणणारी कितीतरी मुले पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या करत राहिली, आणि त्यांच्यातली काही जिंकलीही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या लेखापरीक्षकांनी, निरपराध माणसे यात भरडली गेली असण्याची शक्यता सरकारने पुरेशी तपासली नाही, असा ठपका ठेवला. न्यायाधीशासमोर अस्खलित इंग्रजीत आपली बाजू मांडणाऱ्या माणसाने इंग्रजीची परीक्षा लबाडीने दिली म्हणायचे, हे सामान्य माणसाच्या बुद्धीला पटणे कठीण आहे.

२०२० च्या टाळेबंदीत परीक्षा केंद्रे बंद पडली आणि घरबसल्या संगणकावर इंग्रजीची परीक्षा देणे रुळले. गुण देण्यातही यंत्राचा हात आता मोठा आहे. यंत्राला चहा थंड झाल्याचा राग येत नाही, हे खरे. पण हार्टोग यांनी विचारलेला प्रश्न यंत्रालाही विचारला पाहिजे : हा निकाल चुकला तर तो कळणार कुणाला आणि दुरुस्त करणार कोण?

मी परीक्षांच्या विरुद्ध नाही. परिचारिकेला औषधाची मात्रा ऐकून नीट कळली पाहिजे, विमान चालवणाऱ्याला नियंत्रण कक्षाचा निरोप कळला पाहिजे. तिथे मोजपट्टी हवीच. शिवाय चांगल्या परीक्षेची तयारी माणसाला शहाणे करते. जो मुलगा तीन महिने रोज ऐकतो, नीट वाचतो, आपले म्हणणे अडीचशे शब्दांत मुद्देसूद मांडतो, त्याचे मराठी लिहिणेही सुधारते, हा माझा अनुभव आहे. मात्र गुण म्हणजे आपली लायकी असे तयारी करणाऱ्याने समजू नये. १९१३ मध्ये नापास झालेल्या त्या तिघांना इंग्रजी येत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांना ती बारा तासांची परीक्षा येत नव्हती. आणि १९०८ मध्ये अडाजानियांना इंग्रजी येत होते, तरी दार उघडले नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी दोन गोष्टी वेगळ्या करून द्यायला शिकवतो. परीक्षेची तयारी तीन महिन्यांची, वेळ लावून, निकष समोर ठेवून, निष्ठेने करा. भाषेची तयारी मात्र त्या दिवसानंतरही चालू ठेवा. निकालाचा कागद दोन वर्षांनी रद्दीत जाईल. तिकडच्या इस्पितळात पहिल्या रात्री शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हत काही पुटपुटेल तेव्हा त्याला काय हवे आहे, हे ओळखण्याइतके इंग्रजी तेव्हाही जवळ असले पाहिजे.